बाच्या तळ्याची हाक

हा समोरचा बांध नीट बघा. दोन्ही टोकांकडून सरळ येतो आणि मधोमध तळ्याच्या पोटाकडे वाकतो, कोपरात मुडपलेल्या हातासारखा. पाटबंधाऱ्याची शिकलेली माणसं येतात, फीत लावतात आणि म्हणतात, बांधणाऱ्यांचा अंदाज चुकला. त्यांचा अंदाज चुकलेला नाही. त्यांनी सरळच बांधला होता. तो वाकला आमच्या गावामुळे.

गावाचं नाव निंबसंगी आणि तळ्याचं नाव बाचं तळं. पाटीवर 'बा महाराज तलाव' असं रंगवलंय, तिकडे लक्ष देऊ नका. असा कोणी महाराज इथे होऊन गेला नाही. पाहुणे मात्र आपापल्या परीने अर्थ लावतात. आपल्या मराठी माणसाला बा म्हटलं की बाप आठवतो, म्हणून तो हात जोडून मोकळा होतो. मी ज्याच्याकडून दुकानाचा माल आणतो तो तालुक्याचा गुजराती व्यापारी एकदा आला होता. त्यांच्यात बा म्हणजे आई. त्याने चपला काढल्या आणि पाण्याला नमस्कार केला. विजापूरकडचे गाडीवाले नुसतं हसतात, कारण कानडीत बा म्हणजे ये. कोल्हापूरकडचे एक प्राध्यापक दोन दिवस मुक्कामाला राहिले होते. त्यांनी वहीत लिहून घेतलं की मराठीतला बा बापाच्या घरातला, कानडीतला येण्याच्या क्रियापदातला, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. ओठ उघडले की सगळ्यात आधी निघणारा आवाज आहे तो, म्हणाले, त्याला ज्याने त्याने आपल्या गरजेचा अर्थ दिला. माणूस चांगला होता. पण तळ्याला हे नाव का पडलं, हे त्यांनी गावात ज्याला विचारलं त्याने खोटं सांगितलं. त्यात मीही होतो.

मी रेवप्पा बंडगर. वेशीजवळचं किराणा दुकान माझं. आता मुलगा बघतो. तुम्ही दसऱ्यानंतरच्या रविवारी आलात, म्हणजे नेमके हाकेच्या दिवशी आलात. बिरोबाच्या देवळापुढे हुग्गी शिजतेय. खपली गव्हाची खीर, गूळ घालून, आमच्याकडे तिला हुग्गी म्हणतात. दुपारी पंगत बसेल, पहिला घास तोंडात जाईल, आणि तेव्हा पाहुण्यांपैकी एकाने या बांधावरून हाक द्यायची. कुठल्याही भाषेत, कुठलाही शब्द. मग अख्खं गाव पान सोडून उष्ट्या हाताने इथे धावत येईल. हाकेचा अर्थ कोणी विचारायचा नाही, अशी रीत आहे. हे का, ते सांगतो. ऐकून घ्या आणि मग हाक द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

फार जुनी गोष्ट आहे. माझे आजोबा म्हणत, त्यांच्या आजोबांच्याही आधीची. तीन वर्षं पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरं विकून झाली होती. तेव्हाचे पाटील संगोजी. त्यांनी बिरोबापुढे शपथ घेतली, गावाला तळं होईपर्यंत डोक्याला पटका बांधणार नाही. पाटील माणूस बोडक्या डोक्याने चारचौघांत फिरायला लागला, तेव्हा गाव हललं. घराघरातून धान्य निघालं आणि भीमेच्या पलीकडून मातीकामाची टोळी बोलावली गेली. तीसेक घरं आली, सगळी कानडी बोलणारी. त्यांचा मुकादम हणमप्पा आणि त्याची बायको नीलव्वा.

मातीचा बांध कसा घालतात ते आता कोणाला ठाऊक नसतं. नुसती माती ओतून बांध होत नाही. वीतभर थर टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचं आणि तो तुडवायचा. माणसांनी तुडवायचा, जनावरांनी तुडवायचा, दगडासारखा होईपर्यंत. मग वर दुसरा थर. डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्यांनी एकाच वेळी वर यायला हवं, नाहीतर थर एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ बसतो, आणि पाणी नेमकं पातळ जागा शोधतं. म्हणून बांधाच्या माथ्यावर एक हाकारी उभी असते. ती हाक देईल तेव्हा चढायचं, थांबेल तेव्हा थांबायचं. इथे ते काम नीलव्वाचं होतं. बारीक, जराशी चिरकी हाक होती म्हणे तिची, पण शिवारभर पोचायची. "बा... बा... बा..." सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तेच. ये, ये, ये.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण आमचे लोक नेमकी इथेच पळवाट काढतात. गावाला या हाकेचा अर्थ ठाऊक होता. आमचा आठवड्याचा बाजार कानडी मुलखात. बा म्हणजे ये आणि होगु म्हणजे जा, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही येत होतं. तेव्हा 'आम्हाला कळलंच नाही हो' हे कोणी सांगू लागला तर ऐकू नका.

कळत होतं आणि तरीही लोक हसत होते. बाई दिवसभर बापाला हाका मारते, असा विनोद निघाला. पाणी भरायला निघालेल्या बायका तिला विचारायच्या, "काय गं, घावला का तुजा बा?" म्हातारे पारावर बसून तिच्यासारखा मान वर करून सूर लावायचे. पोटात अन्न नव्हतं तरी हसायला जोर होता. पाटीभर मातीसाठी उन्हात मरणारी माणसं आपल्यापेक्षा हलकी आहेत, असं मानलं की आपली उपासमार जरा कमी टोचते. तसं काहीतरी झालं असावं. मी बाजू घेत नाही, फक्त सांगतो.

या थट्टेचा म्होरक्या होता सिदोबा बंडगर. आडनाव ऐकलंत ना? आमच्याच घराण्यातला.

सिदोबाची मेंढरं बांध तुडवायला लावली होती. दीडशे मेंढरं थरावरून पुढे मागे फिरवायची, हे त्याचं काम. तो नकलाकार म्हणून दहा गावांत प्रसिद्ध होता. टिटवी ओरडायचा तर टिटवी उत्तर द्यायची. पाटलांचा खोकला तो पाटलांसमोर खोकून दाखवायचा. नीलव्वाची हाक त्याने चार दिवसांत उचलली, आधी मेंढरांसाठी. मेंढरं त्या आवाजाला वळायची. इथवर ठीक होतं. पण एकदा त्याने बाभळीआड उभं राहून ती हाक दिली आणि खालच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन वेळ नसताना वर चढल्या. वर नीलव्वा चक्रावून हात हलवतेय, खाली जा म्हणतेय, भरल्या पाट्या घेऊन बायका उलट्या उतरतायत, एक घसरून पडली. गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग रोजच.

नीलव्वा पाटलांकडे गेली, असं सांगतात. पाटलांनी ऐकून घेतलं आणि तेही हसले. पोरगं गमत्या आहे, म्हणाले, मनावर घेऊ नको. मग ती सिदोबाकडे गेली. मेंढरांच्या वाड्याशी उभी राहिली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "अण्णा, माजी हाक घिऊ नको. माज्याकडं दुसरी न्हाई."

हे वाक्य आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलंय. ते सांगताना माझी आजी दाराकडे तोंड करून बसायची. कारण सिदोबाने काय केलं माहीत आहे? त्याने त्या वाक्याचीही नक्कल केली. तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात, चुंबळ हातात धरल्यासारखी बोटं करून. बघणारे टाळ्या पिटत होते. ती ऐकत उभी राहिली आणि मग कामावर गेली.

तरी बांध झाला. पुढच्या पावसाळ्याआधी झाला. टोळी परत गेली. पण मातीकामाची रीत अशी की नव्या बांधाला एक पावसाळा राखण लागते आणि ती घालणाऱ्यानेच करायची. म्हणून हणमप्पा आणि नीलव्वा दोघं मागे राहिले. बांधाच्या टोकाला खोपी घालून राहिले. मृगाने फसवलं, मधली नक्षत्रं कोरडी गेली, आणि हस्ताने दिलं. चार दिवस धो धो कोसळला. पाचव्या दिवशी ऊन पडलं आणि तळं सांडव्यापर्यंत भरलेलं होतं. माणसं काठावर बसून नुसती बघत होती, असं सांगतात.

त्याच दुपारी बिरोबापुढे पंगत ठरली. पाटील पटका बांधणार होते. ज्याच्या मेंढरांनी बांध तुडवला त्या सिदोबालाही ते स्वतःच्या हाताने पटका बांधणार होते. मेंढक्याला पाटलाच्या हातचा पटका, म्हणजे केवढा मान! हणमप्पा आणि नीलव्वाला पंगतीचं बोलावणं गेलं नाही. गावाचं जेवण उरकलं की त्यांचं पान तिकडेच पाठवू, असं ठरलं होतं. देऊळ इथून किती लांब आहे ते तुम्ही बघितलंय. हाकेच्या अंतरावर आहे.

पानं वाढली. हुग्गीचा पहिला घास लोकांनी तोंडात घातला. आणि बांधावरून हाक आली. "बा... बा... बा..."

पंगत खो खो हसली. कोणीतरी ओरडलं, "आरं सिद्या, जेवताना तरी गप बस की!" सगळ्यांनी सिदोबाकडे बघितलं. तो पाटलांच्या शेजारी बसला होता. तोंड घासाने भरलेलं, ओठ मिटलेले. तेव्हा दुसरा म्हणाला, "बगा बगा, त्वांड हालत न्हाई आन आवाज तिकडनं येतोय! काय कसब म्हनायचं!" लोकांनी मांडीवर थापा मारल्या. पाटलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कसं जमतं रं हे तुला?"

तळ्यातल्या पाण्याइतकी खरी गोष्ट ही, की ती हाक आपली नाही हे त्या पंगतीत एकट्या सिदोबाला नक्की ठाऊक होतं. बाकीच्यांना संशय घ्यायला जागा होती, त्याला तीही नव्हती. त्याने घास गिळला, आणि अंगावर मोठेपणा न घेणारा माणूस हलवतो तशी मान जराशी हलवली. बोलला काहीच नाही. खोटंही बोलला नाही. लोकांनी त्याला जे दिलं ते त्याने ठेवून घेतलं.

हाक परत आली. या वेळी जास्त घाईची. चंद्राबाई नावाची एक सुतारीण होती, ती अर्धवट उठली. "बगा तरी जाऊन कुनीतरी," म्हणाली. तिला चारही बाजूंनी दटावलं, पान टाकून उठू नये, अन्नाचा अपमान होतो. ती खाली बसली. उठावंसं वाटलेलं अख्ख्या गावात एकच माणूस, तेही बसलं.

तिसरी हाक एकच होती आणि लांब होती. तिच्यात कामाचा ताल नव्हता. सिदोबाचा हात पानावर थांबला. तरी तो उठला नाही. का उठला नाही? मी यावर आयुष्यभर विचार केलाय. उठला असता तर सांगावं लागलं असतं की मघाच्या दोन्ही हाका माझ्या नव्हत्या. पाटलांसमोर, पटका शेजारच्या तबकात ठेवलेला असताना, एवढं एक वाक्य त्याच्याच्याने उचललं गेलं नाही. यापलीकडे कारण नाही. मोठं कारण असतं तर आम्हाला बरं वाटलं असतं.

मग बांधाकडे सगळं शांत झालं. त्या शांततेने तो उठला. त्याचं पान लवंडलं आणि तो पळत सुटला, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं आणि मागोमाग सगळं गाव पळालं.

इथे येऊन बघतात तर बांधाचा मधला भाग खचलेला. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढं खिंडार, आणि त्यातून गढूळ पाणी खालच्या शिवारात घुसत होतं. आधी बोटभर गळती लागली होती. सिदोबाच्या नकलेने ज्या दिवसांत पाट्या वेळ चुकवून चढल्या त्याच दिवसांतला तो थर, असं जुनी माणसं म्हणतात. खरंखोटं बिरोबाला माहीत. हणमप्पा गवताचे पेंढे घेऊन भोकात उतरला होता. वरून माती टाकायला वीस माणसं मिळाली असती तर गळती वेळेत बुजली असती. वीसच. पंगतीत दोनशे होती. हणमप्पा खचलेल्या मातीखाली गेला होता आणि नीलव्वा हातांनी उकरत होती.

गावाने उकरलं. तो सापडला तेव्हा जीव गेलेला होता. नीलव्वा रडली नाही म्हणे. तिने वर बघितलं. भोवती उभ्या असलेल्या लोकांच्या हातांना माती लागलेली होती आणि मातीखाली हुग्गी लागलेली होती. कोणाचाच हात धुतलेला नव्हता. ती ते हात बघत राहिली आणि तिने एकच शब्द विचारला, "केळिस्ता?" म्हणजे, ऐकू आलं होतं का?

या शब्दाचाही अर्थ सगळ्यांना कळला. 

सिदोबा पुढे झाला. त्याला काय सांगायचं होतं कोण जाणे. पाया पडायचं असेल, कबूल करायचं असेल. त्याने तोंड उघडलं आणि त्यातून नीलव्वाची हाक निघाली. "बा." तोच बारीक, चिरका आवाज. लोकांना वाटलं हा अजून नकलाच करतोय. पाटलांनीच त्याला काठीने झोडपलं. प्रत्येक काठीसरशी तो ओरडला आणि प्रत्येक वेळी तेच निघालं. त्याला स्वतःचा आवाज उरला नव्हता आणि दुसरा शब्दही उरला नव्हता, असं सांगतात. तुम्ही याला चमत्कार म्हणा, नाहीतर धक्क्याने वाचा गेली म्हणा. पाटलांनी तेव्हा काठी खाली टाकली एवढं खरं.

बातमी भीमेपलीकडे गेली आणि टोळी परत आली. ती लोकं आम्हाला झोडपायला आली असती तर बरं झालं असतं. ती पाट्या घेऊन आली. बांध अर्धवट फुटका राहिला तर घालणाऱ्याच्या नावाला बट्टा लागतो, आणि तो हणमप्पाचा बांध होता. जिथे त्याचा जीव गेला त्या मातीला त्यांनी पुन्हा कुदळ लावली नाही. ती जागा बाहेर सोडून बांध आतून वळवला. हा बाक त्याचा आहे.

प्रश्न आला हाकेचा. माथ्यावर कोण उभं राहणार? टोळीतल्या म्हाताऱ्यांनी नीलव्वाकडे बघितलं. तिने डोक्याला चुंबळ लावली, पाटी उचलली आणि सिदोबाकडे बोट केलं. माझी हाक त्याच्याकडे आहे, त्यालाच देऊ दे.

तो हिवाळाभर सिदोबा बांधाच्या माथ्यावर उभा होता. उगवतीपासून मावळतीपर्यंत तो तिच्या आवाजात हाक द्यायचा आणि तिची माणसं त्या हाकेवर चढायची. तीही चढायची. वर आली की त्याच्या पायाशी पाटी रिकामी करायची आणि त्याच्याकडे न बघता उतरायची. दिवसातून शंभर वेळा. हसायला काठावर कोणी उभं राहत नव्हतं. आता गावही पाट्या वाहत होतं, आणि पाटलांच्या डोक्याला पटका नव्हता. त्यांनी तो मरेपर्यंत बांधला नाही.

काम संपल्यावर टोळी गेली, नीलव्वा गेली. सिदोबा मात्र त्या एका शब्दानिशी पुढे कितीतरी वर्षं जगला. भूक लागली तरी बा, तहान लागली तरी बा, मेंढरू हरवलं तरी बा. त्याची धाकटी लेक लहान होती, ती हसून म्हणायची, मी का तुझा बा? मोठी झाल्यावर तिने हसणं सोडलं. एक गुजराती कापडवाला दारावर आला होता. म्हातारा आईसाठी रडतोय असं त्याला वाटलं आणि तो गठुडं खाली ठेवून त्याच्याजवळ बसून राहिला. ज्याला जो अर्थ घरून मिळाला होता तो त्याने त्या शब्दाला लावला. सिदोबाला मात्र त्याचा एकच अर्थ ठाऊक होता, आणि ज्या दिवशी तो अर्थ पाळायचा होता त्या दिवशी तो जेवत बसला होता.

शेवटी तापाने खाटेला खिळला. दोन दिवस सारखा तीच हाक देत होता. घरच्यांनी पाणी दिलं, भंडारा लावला, मुलं पुढ्यात आणून बसवली. हाक थांबेना. तिसऱ्या दिवशी दारात नीलव्वा उभी. पुरती म्हातारी झालेली, पायांवर भीमेपासूनची धूळ. तिला निरोप कोणी दिला? लोक म्हणतात, हाकच नदी ओलांडून गेली. मला वाटतं मेंढरांच्या बाजारात कोणीतरी बोललं असणार. ती आत आली, खाटेशी बसली. त्याने तिला ओळखलं आणि म्हणाला, "बा." ती म्हणाली, "बंदे." आले.

त्याने डोळे मिटले. नीलव्वा गावात पाण्याचा थेंबही न घेता परत गेली.

इथवर आलं की माझे आजोबा आम्हाला बजावायचे. ते म्हणायचे, तिने त्याला माफ केलं असं समजू नका, तसं ती काही बोलली नाही. हाक आली आणि ती आली, एवढंच तिने केलं. दोनशे माणसांना जे जमलं नव्हतं ते एका म्हातारीने दिवसभर चालून केलं, आणि त्यात आमची शोभा झाली.

मग गावाने शोभा झाकायला घेतली. कोणी म्हणालं, नीलव्वाने स्वतःहून बळी दिला नवऱ्याचा, बांध टिकावा म्हणून. कोणी तिला देवी केलं. देवी केलं की बरं असतं, देवीला मदतीची गरज नसते. पुढे कोणीतरी बा महाराज काढला आणि पाटी लागली. पण चंद्राबाई सुतारणीने ही हाकेची रीत पाडली होती, ती कोणाला मोडता आली नाही. तेव्हापासून या दिवशी पंगत अर्धवट टाकून उष्ट्या हाताने धावायचं. आणि निंबसंगीत कोणी कोणाची नक्कल करत नाही. वसंतात कोकीळ ओरडला तर बाकी गावांतली पोरं त्याला चिडवतात, आमची पोरं गप्प ऐकतात. सुनेच्या माहेरच्या बोलीला इथे कोणी हसत नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्याबद्दल आमचं कौतुकही होतं. वर्तमानपत्रात दोनदा फोटो आलाय.

आता उरलेलं सांगतो. हे मी गावात सांगत नाही, पाहुण्यांना सांगतो.

तीस वर्षांमागे कालव्याचं काम चाललं होतं. बिहारकडची माणसं पाइप टाकायला आली होती, बायकापोरांसकट माळावर राहायची. गावात फोन एकच, माझ्या दुकानात. एका दुपारी मी फळ्या अर्ध्या लावून आत जेवायला बसलो होतो. बाहेरून बाईचा आवाज आला, "केहू बा? केहू बा?" मला वाटलं, आली असेल तेल-मीठ मागायला, जेवण तर होऊ दे. तिने फळी वाजवली. परत तेच विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज फाटलेला होता. मी भाकरी संपवली, ताट विसळलं, मग फळी काढली. ती गेली होती.

तिच्या नवऱ्याच्या पायावर पाइप घरंगळला होता. ती फोनसाठी आली होती. मग ती रस्त्याने धावत सुटली आणि पुढच्या गावातून गाडी मिळाली. माणूस वाचला, पाय गेला. तासभर आधी आणला असता तर पाय राहिला असता, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी दुकानात बसून ऐकलं, गिऱ्हाइकाला साखर जोखता जोखता. तिच्या बोलीत बा म्हणजे आहे. केहू बा, कोणी आहे का? हे मला नंतर कळलं. पण शब्द कळला नव्हता म्हणून मी थांबलो असं मी म्हणणार नाही. हाक कळली होती.

त्यानंतर बाराव्या दिवशी दसऱ्यानंतरचा रविवार आला. पंगत बसली, बांधावरून कोणा पाहुण्याने हाक दिली, आणि मी सगळ्यांच्या पुढे धावलो. एवढा जोरात धावलो की बांधावर पहिला मी पोचलो. सरपंचांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, रीत पाळावी तर रेवप्पानं.

तो पाय गेलेला माणूस आणि त्याची बायको तोवर मुलूख सोडून गेली होती. मी मान जराशी हलवली.

ते बघा, पानं मांडायला लागले. जाऊन मला बसायला हवं. तुम्ही थांबा इथेच, आणि तुमच्या भाषेत जो शब्द येईल तो मोठ्याने म्हणा. आजही सगळ्यांच्या पुढे मीच असेन. सत्तरी ओलांडली तरी म्हातारा काय धावतो, असं लोक म्हणतात, आणि मी काही बोलत नाही.